त्याला सांग

ताईचा नवरा आणि ताईचा भाऊ एकाच काचेच्या दुकानात काम करत आणि एकमेकांशी बोलत नसत. दुकान नवऱ्याचं. भाऊ धाकटा, काच कापण्यात त्याचा हात धरणारा त्या बाजारात कोणी नव्हता. ताई पुढच्या टेबलाशी बसून फोन घ्यायची, मापं टिपायची. मागे कापायचं लांबलचक टेबल आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या काचा. या पुढच्या-मागच्याच्या मधे दिवसभर ताईच्या फेऱ्या.

अबोला सुरू झाला तो एका वाक्यावरून. गिऱ्हाइकासमोर नवरा हसत हसत बोलून गेला होता, "बायकोचा भाऊ आहे हो, ठेवावाच लागतो." गिऱ्हाईक हसलं. भाऊ हसला नाही. संध्याकाळी त्याने ताईला गाठलं. "भाऊजींना सांग, मी तुझा भाऊ म्हणून इथे नाही. काच कापता येते म्हणून आहे. हे त्यांच्या तोंडून ऐकेपर्यंत मी बोलणार नाही."

ताईनं घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "अहो, त्याची पाठ धरलीय. चिडचिड करतोय. थोडे दिवस त्याच्या वाटेला जाऊ नका."

आपण खोटं बोलतोय असं तिला वाटलंही नाही. लहानपणी आईचे निरोप वडिलांकडे नेताना त्यातले काटे वाटेतच काढायची तिला सवय लागली होती. मासा साफ करावा तसं.

त्यामुळे दुकान चालू राहिलं. नवरा म्हणायचा, "त्या गाढवाला सांग, कडा घासल्याशिवाय काच हलवायची नाही." ताई मागे जाऊन म्हणायची, "कडा घासून घे रे, हात कापेल." भाऊ म्हणायचा, "महाराजांना सांग, घासायचा दगड झिजून बोटाएवढा झालाय, कधीतरी खाली बघा म्हणावं." ताई पुढे येऊन म्हणायची, "अहो, नवा दगड हवाय." दगड यायचा. कडा घासल्या जायच्या. आपण आहोत म्हणून हे चाललंय, असं तिला वाटे, आणि ते चुकीचंही नव्हतं.

मग दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याची मोठी खिडकी आली. इमारत जुनी. माप घ्यायला नवरा एकटाच गेला आणि तिथूनच त्यानं फोन केला. रुंदी सांगितली, उंची सांगितली. "आणि त्याला सांग, वरचा उजवा कोपरा त्याच्या डोक्यासारखा आहे, सरळ नाही. तिकडून दोन सूत कमी घे म्हणावं, अक्कल असेल तर."

समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. ताईनं रुंदी-उंची लिहून घेतली. डोक्याची गोष्ट तिनं नेहमीसारखी गाळली, आणि तिच्याबरोबर कोपराही गेला.

भावानं काच गुण्यात कापली. काटकोन चोख. दुसऱ्या दिवशी दोघं ती घेऊन गेले. खालची कड खाचेत बसली. वर उजवीकडे काच अडली. नवऱ्याला वाटलं, कोपरा सांगितलाय म्हणजे कापलेलाच असणार, धूळबीळ असेल. त्यानं तळहातानं दाबली. काच तडकली आणि हात फाटला. टाके पडले. डॉक्टर हाताशी होते, पण दातांचे. दुसरीकडे जावं लागलं.

संध्याकाळी हाताला पट्टी बांधून नवरा दुकानात बसला. भाऊ टेबलाला टेकून उभा.

"त्याला विचार, कोपऱ्याचं सांगितलं होतं ना?"

"त्यांना सांग, मला कुणी काही सांगितलं नाही."

मग दोघांनीही ताईकडे पाहिलं.

"त्यांनी मला सांगितलं होतं," ती भावाला म्हणाली. "मी तुला सांगितलं नाही. तुझं डोकं वाकडं आहे म्हणाले, ते गाळायला गेले." मग नवऱ्याकडे वळली. "आणि याची पाठ ठणठणीत आहे. तुम्ही त्या गिऱ्हाइकाला म्हणालात ना, बायकोचा भाऊ आहे, ठेवावाच लागतो? तेव्हापासून हा बोलत नाही. काच कापता येते म्हणून ठेवलाय, असं तुमच्या तोंडून हवंय त्याला."

नवरा पट्टीकडे बघत राहिला. "मी शेकायची पिशवी आणून दिली होती त्याला," तो म्हणाला.

"ती मी घरी वापरते," ताई म्हणाली.

भाऊ खाली बघत म्हणाला, "काच अडतेय ते मला दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?" नवरा थेट त्याच्यावरच ओरडला.

"बोलत नव्हतो ना."



नवऱ्यानं ते वाक्य मागे घेतलं नाही. "मस्करी होती," एवढंच म्हणाला. "मला नव्हती," भाऊ म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी टाक्यांच्या हातानं टेप धरता येईना, म्हणून दवाखान्यात दोघांनी मिळून माप घेतलं, आणि आकडे एकमेकांना मोठ्यानं सांगावे लागले. नवी काच बरोबर बसली.

त्यानंतर दुकानात आवाज वाढला. दोघं दिवसातून चारदा भांडतात, कडांवरून, पुट्टीवरून, गाडीत काच कशी उभी करायची यावरून. जुनी गिऱ्हाइकं ताईला हळूच विचारतात, काही बिनसलंय का? सुरुवातीला आवाज चढला की ती उठायची. "तू बस," दोघंही एका सुरात म्हणायचे. आता ती उठत नाही.

परवा भाऊ सहज बोलता बोलता म्हणाला, शनिवारसाठी अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली होती.

"कधी? मला नाही सांगितलंस."

"तुला कशाला? भाऊजींनाच विचारलं."

"काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

ताईच्या जिभेवर आलं होतं, की त्यांना तसं म्हणायचं नसेल, सध्या काम फार आहे, डोक्याला ताप आहे. तिनं ते गिळलं.

"मग?"

"मग काय, पुढच्या महिन्यात परत विचारीन," भाऊ म्हणाला आणि काच कापायचा हिरा घेऊन मागे गेला. टेबलावरचा फोन वाजत होता. ताईनं तो उचलला आणि पलीकडच्या माणसाला म्हणाली, "सांगा, आणि सगळं सांगा. मी जसंच्या तसं लिहून घेते."