बदामाच्या पानावरची पिवळी रेघ

मित्रांनो, मी एक जुना कुंचला आहे. दोन नंबरचा, लाकडी दांड्याचा. माझे केस कोणत्या जनावराचे, हे मला ठाऊक नाही. मला पहिलं आठवतं ते सोलापुरात सात रस्त्याजवळचं एक रंगाचं दुकान आणि तिथली काचेची बरणी. त्या बरणीतून मला नबीसाबांनी उचललं. बोटांनी माझं टोक वाकवून पाहिलं आणि म्हणाले, "चालतंय हे."

नबीसाब ट्रक रंगवायचे. मागच्या फाळक्यावर मोर, पोपट, कमळं, कधी मालकाच्या लेकीचं नाव. सतरा वर्षं मी त्यांच्या बोटांत राहिलो. अक्कलकोटचे महादेवप्पा तर नबीसाबांच्याच हातचा मोर पाहिजे म्हणून दोन-दोन दिवस ट्रक उभा ठेवत. "तुमचा मोर बघाया ढाब्यावर माणसं जेवण सोडून उठत्यात की," असं ते सांगत. त्या संध्याकाळी नबीसाब मला नेहमीपेक्षा जास्त वेळ धूत.

एका दुपारी महादेवप्पांच्याच ट्रकवर मोराची मान रंगवताना मी त्यांच्या बोटांतून निसटलो. मला उचलायला ते वाकले, पण उजवा हात पुढे आलाच नाही. त्यांना लकवा मारला होता. महादेवप्पांनी त्याच ट्रकमधून त्यांना दवाखान्यात नेलं. मोर अर्धाच राहिला. मी निळ्या रंगात माखलेला तसाच डब्यात पडलो. मला धुवायचं कुणालाच सुचलं नाही आणि त्यात कुणाची चूकही नव्हती.

नबीसाब घरी आले. पाय सावरला, बोलणंही परत आलं. उजवा हात मात्र लोंबत राहिला. दिवसभर ते ओट्यावरच्या खाटेवर बसत. माझा डबा त्यांच्या डोक्यावरच्या कोनाड्यात होता, म्हणून मला सगळं दिसायचं. त्यांच्या बायकोनं, हुस्नाचाचींनी, त्यांना कशालाच हात लावू दिला नाही. पाण्याचा पेला त्या तोंडाला लावत. चपलासुद्धा त्याच पायांत घालत. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "आता आराम करा." आराम करता करता नबीसाबांनी बोलणंच सोडलं. अशी दोन वर्षं गेली. माझे केस दगडासारखे कडक झाले.

शेजारच्या खोलीत अंगणवाडी होती. तिथल्या बाई अपेक्षा, माहेरच्या वळसंगच्या. दारात देशी बदामाचं मोठं झाड. फाल्गुनात त्याची तळहाताएवढी लाल पानं गळून अंगण भरलं, तेव्हा अपेक्षाबाईंनी ठरवलं, ही पानं रंगवून पाडव्याला अंगणवाडीच्या दाराला तोरण बांधायचं. मुलं कामाला लागली. पण वाळकी पानं मोडत होती आणि रंग ओघळून जात होता. तिसऱ्या दिवशी एका पोरीचं रंगवलेलं पान हातातच तुटलं आणि तिनं भोकाड पसरलं. अपेक्षाबाई दमल्या होत्या. "जाऊ दे, कागदाचंच करू," त्या म्हणाल्या.

"पान धुतलं का?"

सगळे वळले. आवाज खाटेवरून आला होता.

"न्हाय, चाचा," अपेक्षाबाई म्हणाल्या.

"मग रंग कसा धरंल? वाळकं नको, आज गळलेलं घ्या. धुवा, पुसा, पेपरात घालून वर वजन ठेवा. दोन दिवसांनी पांढरं अस्तर. ते सुकलं की मग रंग."

अपेक्षाबाई ओट्याजवळ आल्या. "सांगून मला कळंना, चाचा. तुमीच करून दावा की."

हुस्नाचाची लगबगीनं बाहेर आल्या. "अगे, उनका हात..."

"दुसरा हाय की, चाची."

हुस्नाचाचींचा चेहरा उतरला. नबीसाब मात्र आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हुस्ना, मेरा दो नंबर निकाल."

दोन दिवस पानं पाट्याखाली दाबून ठेवली आणि दोन दिवस मी टरपेंटाइनमध्ये बुडालो. हुस्नाचाचींनी बोटांनी माझे केस विंचरले. निळा रंग सुटत गेला, थोडे केसही गेले. मला दुखलं नाही. भीती मात्र वाटत होती.

तिसऱ्या दिवशी नबीसाबांनी मला डाव्या हातात धरलं आणि पानावर पोपट काढायला घेतला. हात थरथरत होता. चोच फुगली, शेपूट भलतीकडेच गेली.

"चाचा, ही कोंबडी हाय!" एक पोरगं ओरडलं आणि सगळी हसली.

नबीसाबांनी मला भिरकावून दिलं. मी गटाराच्या काठावर जाऊन पडलो. हसणं थांबलं.

हुस्नाचाची आल्या. रमजान चालू होता, दिवसभराच्या रोज्यानं त्यांचे ओठ सुकले होते. त्यांनी मला उचललं, ओढणीनं पुसलं. मला वाटलं, आता पुन्हा डबा. पण त्यांनी मला नबीसाबांच्या डाव्या हाताशी ठेवलं.

"रोजे के दिनां में गुस्सा नक्को," त्या म्हणाल्या. "कोंबडी तो कोंबडी. और एक बनाओ."

नबीसाबांनी सकाळी अस्तर आणि हिरवा रंग देऊन सुकवलेलं दुसरं पान ओढलं. या वेळी त्यांनी पोपट काढला नाही. पिवळ्या रंगात बुडवून मला पानाच्या मधल्या शिरेवर टेकवलं. बदामाच्या पानाची शीर जाड, उठावदार असते. हात कापत होता, मी दोन्ही बाजूंना डुलत होतो, पण ती शीर मला खाली पडू देत नव्हती. तिच्या आधारानं मी देठापासून टोकापर्यंत गेलो. मागे पिवळी रेघ उमटली. मग बाजूच्या शिरा, एकेक करून. पानाच्या अंगातलंच झाड त्याच्यावर उजळून आलं.

"आता हे लई भारी हाय," मघाचं ते पोरगं हळूच म्हणालं.

पुढचे आठ दिवस मुलांनी अस्तर दिलं, रंग भरला, आणि शिरा नबीसाबांनी ओढल्या. पाडव्याच्या आदल्या दिवशी अंगणवाडीला तोरण लागलं. त्या वर्षी पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी ईद आली. ईदसाठी पानांची माळ नबीसाबांनी आपल्या दारासाठी वेगळी केली, हिरवी आणि रुपेरी.

उजवा हात काही बरा झाला नाही. पण ईदच्या सकाळी नमाजला निघताना त्यांनी सदऱ्याची बटणं डाव्या हातानं स्वतः लावली. फार वेळ लागला. एक बटण चुकलं, ते काढून पुन्हा लावावं लागलं. हुस्नाचाची अत्तराची कुपी घेऊन दारात उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या नाहीत. वाट बघत राहिल्या.

मित्रांनो, काम झालं की कुंचला धुवावा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मला सांगायचं आहे ते निराळं. तुमच्या घरात कुणाचा हात, पाय किंवा डोळा अधू झाला, तर त्यांची काळजी जरूर घ्या. पण काळजीपोटी त्यांचं सगळं काम काढून घेऊ नका. त्यांच्या हातून थोडं सांडेल, थोडं बिघडेल.

बिघडू द्या. आणि दुसरं पान पुढे सरकवा.