हुस्नाबानोच्या खाटेखाली

मित्रांनो, मी बांगड्यांची एक जुनी पेटी आहे. माझ्या कडीचा रंग उडाला आहे आणि काचेच्या झाकणाला कोपऱ्यात तडा गेला आहे, पण म्हणून लगेच नाक मुरडू नका. एकेकाळी मी उघडले की बायकांची रेटारेटी व्हायची.

रिसोडच्या एका सुताराने मला सागाच्या लाकडातून घडवलं. बांगड्या ओवायला आत गुळगुळीत दांडे बसवले. मला विकत घेताना बांगड्या भरणाऱ्या हुस्नाबानोने त्या प्रत्येक दांड्यावर बोट फिरवून पाहिलं, कुठे खरखर लागते का म्हणून. तेव्हाच मी ओळखलं, की बाई हाताची पक्की आहे.

आमचं घर रिसोडकडच्या मालेगावला. बाजाराच्या दिवशी जीपच्या टपावर बसून मी मेडशीला जायची. हुस्नाबानो समोरच्या बाईचा पंजा नुसता बघायची आणि माप सांगायची. मग तो पंजा आपल्या हातात घेऊन दाबत म्हणायची, "हात ढिला सोड वो बाई. आता तो तुहा नाही, माहा हाय!" बाया हसायच्या, आणि त्या हसण्यात बांगडी कधी मनगटावर जाऊन बसली ते कळायचंही नाही. हात तिच्या हातात असेपर्यंत बाया घरची सुखदुःखं सांगायच्या. मी ती सगळी पोटात ठेवली. पेटीच मी, दुसरं काय करणार!

एका बाजारात मात्र तिच्या हातून बांगडी निसटली. ती उचलायला गेली, तर उजवा हात उठेना. काही बोलू पाहत होती, पण ओठ एका बाजूला ओढले गेले होते. लोकांनी तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. मी त्याच जीपच्या टपावर होते. माझ्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती आणि ते बरोबरच होतं.

ती घरी आली ती खाटेवरच. लकवा, असं सगळे दबक्या आवाजात म्हणत. मला त्याच खाटेखाली सरकवलं, कांद्याच्या टोपलीमागे. ती वर, मी खाली. मध्ये फक्त सुतळीची वीण.

मित्रांनो, तिच्या घरच्यांना नावं ठेवू नका. मुलगा तौकीर आणि सून उजमा, दोघंही जिवाला जीव देणारी. उजमा तिला घास भरवायची, केस विंचरायची, पाण्याचा पेला तोंडाला लावायची. हुस्नाबानोने पेल्याकडे हात नेला की लगेच म्हणायची, "तुमी कायले तरास घेता अम्मी? मी हाव ना!" दवाखान्यातून निघताना व्यायाम सांगितला होता म्हणे. पण कोणता, कसा, किती, हे कोणी बसून समजावलं नव्हतं. मग माया होती तेवढी मायाच केली. हात जागच्या जागी आखडत गेला आणि मूठ घट्ट वळली.

भेटायला येणारे तिच्या उशाशी बसून तौकीरला विचारायचे, "कशी हाय आता तब्येत?" अरे, ती समोर पडली आहे ना! तिलाच विचारा की. ती उत्तराला तोंड उघडायची, शब्द यायला वेळ लागायचा, तोवर दुसरंच कोणी तिच्या वतीने बोलून मोकळं व्हायचं. हळूहळू तिने तोंड उघडणंच सोडलं. पुढे येणारेही कमी झाले.

दुपारी घर रिकामं झालं की ती मात्र बोलायची. माझ्यातल्या बांगड्यांची नावं घ्यायची. "हि... हिर... हिरवी." मग "मो... मो..." मोरपंखी हा शब्द फार अवघड होता. तो एकदाचा पुरा निघाला, तेव्हा ऐकायला मी एकटीच होते. मला टाळी वाजवता येत नाही, याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

अशात एक दिवस वैजयंती आली. घरोघरी जाऊन लकव्याच्या रुग्णांकडून व्यायाम करून घेणारी पोरगी. तिने तौकीरला काही विचारलं नाही. खाटेवर टेकून म्हणाली, "मावशी, तुमाले काय कराचं हाय?"

"उज... उज..."

उजमा पुढे झाली, "पानी पायजे असंन त्यायले."

"थांबा ना ताई. त्यायले बोलू द्या."

मग सगळे थांबले. इतका वेळ त्या घरात कोणी तिच्यासाठी थांबलं नव्हतं. शेवटी वाक्य पुरं झालं. उजमा गरोदर होती. सातव्या महिन्यात हिरव्या बांगड्या भरतात. गावातल्या कितीतरी पोरींच्या तिने भरल्या होत्या. सुनेच्या तिलाच भरायच्या होत्या.

तौकीर गडबडला. "काच हाय ताई, हात कापंन. अन् लोक काय म्हनतीन? बीमार मायले कामाले लावलं!"

"हात पयल्यासारखा होईन का, ते मी नाही सांगू शकत," वैजयंती म्हणाली. "आदी यायला पायजे होतं मी. पन काम दिलं नाही त हात इसरते, हे पक्कं हाय."

मला बाहेर ओढलं. काचेच्या बांगड्या काढून माझ्या दांड्यांवर प्लास्टिकच्या घातल्या. एका दांड्यावरची बांगडी दुसऱ्यावर न्यायची, एवढंच काम. ती घामाघूम व्हायची. कधी चिडून बांगडी फेकायची, कधी रडायची. वैजयंती नसली की घरच्यांना दया यायची आणि मी परत खाटेखाली जायची. मग उजमाच मला ओढून काढायला लागली.

सातव्या महिन्याच्या बांगड्या भरायच्या दिवशी तौकीरने धनीबाईला बोलावलं. तीही बांगड्या भरणारी. आईला त्रास नको, हाच त्याचा हेतू. हुस्नाबानोने भिंतीकडे तोंड फिरवलं. धनीबाईने हात पुढे मागितला, तर उजमा उठली आणि सासूच्या खाटेवर जाऊन बसली. आपला हात तिच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "घ्या अम्मी. आता हा तुमचा हाय."

हुस्नाबानोने डाव्या हाताने पंजा दाबला, उजव्याच्या थरथरत्या बोटांत हिरवी बांगडी. बोटांच्या सांध्यावर ती अडली आणि फुटली. तौकीर उठला. "वाढली," उजमा शांतपणे म्हणाली, "दुसरी घ्या." जमलेल्या बायांचा चहा निवला. कोणी उठलं नाही. दुसरी बांगडी मनगटावर गेली, तेव्हा धनीबाईने पदर डोळ्यांना लावला. बाकीच्या मग धनीबाईनेच भरल्या.

हुस्नाबानो पुन्हा मेडशीच्या बाजाराला गेली नाही, मीही नाही. दुपारी अजून आम्ही दोघीच असतो. म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल, तर त्याच्या हातचं सगळंच काम मायेने काढून घेऊ नका. त्याला काय करायचं आहे ते त्यालाच विचारा. आणि उत्तर येईपर्यंत बसा. चहा निवला तर निवू द्या.