पाण्यानं धरलेली

सोजरबाईनं शेवटचं लुगडं पिळून दगडावर टाकलं, चहूकडे नजर फिरवली आणि मगच ती अंघोळीला पाण्यात उतरली. दुपार होती. गावातल्या बाया सकाळीच धुणी आटोपून गेल्या होत्या. पैनगंगेच्या काठी आता फक्त म्हातारी रामीबाई भोईण होती. जरा खालच्या अंगाला, आपली लहानशी होडी, डोंगा, बांधून ठेवलेल्या झाडाखाली, ती जाळं विणत बसली होती.

दोन वर्षं झाली, सोजरबाई अशीच अवेळी नदीवर यायची. त्याआधी हिवतापानं तिला सहा महिने अंथरुणावर पाडलं होतं. रिसोडच्या दवाखान्यातलं कोयनेल पिऊन ताप उतरला, भूक लागली, अंगावर मांस धरलं. सगळ्यांना बरं वाटलं. पण ते धरतच गेलं. दंड भरले, हनुवटीखाली वळी आली, पोट सुटलं. चोळ्या दोनदा उसवून झाल्या. मागच्या जत्रेला बैलबंडीतून निघताना तिचा नवरा जगदेव चारचौघांत म्हणाला होता,

"पुढं सरक वं जराशी, बंडी उलार होऊन राह्यली."

बंडीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. जगदेव वाईट मनानं बोलला नव्हता. बंडी खरंच मागं कलत होती. पण सोजरबाई खाली उतरली आणि चार कोस पायी गेली. घरी न्हाणीत ती भिंतीकडे तोंड करून अंगावर पाणी घेई. स्वतःच्या अंगावरून हात फिरवायचा झाला तर भांडं घासावं तसा भराभर फिरवी.

पावसाळा सरून पाणी निवळलं होतं, पण डोह अजून भरलेला होता. गुडघाभर पाण्यात ती एका दगडावर उभी राहिली. दगडाला शेवाळ होतं. पाय सटकला, दुसऱ्या पायाखाली काहीच लागलं नाही.

तिला पोहता येत नव्हतं. नऊ वर्षांची असताना ती माहेरच्या विहिरीत पडली होती. तेव्हा काडीसारखी होती, तरी सरळ तळाला गेली होती. काकानं बुडी मारून वेणीला धरून वर काढलं होतं. तळाचा तो हिरवा अंधार तिला पक्का ठाऊक होता. आता तोच येणार म्हणून तिनं डोळे मिटले.

अंधार आला नाही. पाण्यानं तिला थोडं खाली घेतलं आणि परत वर आणलं. तोंड बाहेर आलं तशी ती घाबरून हातपाय झाडू लागली, नाकातोंडात पाणी गेलं.

"झाडू नको!" रामीबाई काठावरून ओरडली. "अंग सोडून दे! उतानी हो!"

सोजरबाईनं अंग सोडलं.

आधी पोट वर आलं. मग छाती, मग मांड्या. कानात पाणी भरलं आणि नदीचा, पाखरांचा, रामीबाईचा आवाज एकदम बंद झाला. उरला तो फक्त तिचाच श्वास, आत कुठंतरी मोठ्यानं चाललेला. श्वास घेतला की अंग वर उचललं जाई, सोडला की बोटभर खाली जाई. बस, तेवढंच. वर आभाळ होतं आणि खूप उंचावर एक घार पंख न हलवता फिरत होती. सोजरबाईनं हात पसरले. सारा भार कुठं गेला ते तिला कळेना. ज्या अंगाला ती दोन वर्षं लपवत आली होती, ते अंग पाण्यावर सबंध उघडं पडलं होतं, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. तिचे डोळे भरून आले.

डोंगा जवळ आला. रामीबाईनं हात पुढं केला.

"धर."

"थांब जरासं, रामीमाय."

रामीबाई थांबली. वल्हं आडवं धरून ती पाहत राहिली. तिच्या उभ्या आयुष्यात नदीतून कितीतरी माणसं तिनं ओढून काढली होती, पण थांब म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं सोजरबाई डोंग्याला धरून उथळात आली आणि दगडावर बसली.

"तुले कोनं शिकवलं हे?" रामीबाईनं विचारलं.

"कोनीच नाई. मले तर वाटलं, आता मेली मी."

रामीबाईनं स्वतःच्या दंडाकडे पाहिलं. नुसती कातडी आणि हाड.

"माहा जलम या पान्यात गेला. हात मारले तं वर, थांबली का खाली. या नदीनं मले एक घडीभर इसावा नाई देल्ला, अन् पाह्य, तुले कशी धरून ठेवली."

सोजरबाईनं ओल्या पोटावर तळवा ठेवला आणि काही वेळ तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी ती परत आली, तिसऱ्याही दिवशी. आता ती चहूकडे पाहत नसे. पाण्यात शिरायची, पाठ टेकायची आणि पडून राहायची. रामीबाई जाळं विणता विणता मध्येच हात थांबवून तिच्याकडे बघत बसे.

आठवडाभरानं रामीबाईनं जाळं बाजूला ठेवलं. कासोटा वर खोचून ती कमरेएवढ्या पाण्यात सोजरबाईपाशी येऊन उभी राहिली.

"मले नाई जमनार," ती म्हणाली.

"जमन. मी हावो ना."

सोजरबाईनं पाय तळाशी घट्ट रोवले. एक हात म्हातारीच्या पाठीखाली घातला, दुसरा मांड्यांखाली, आणि तिला हळूच उताणी केलं. वाळल्या तुऱ्हाटीच्या पेंढीएवढंही तिचं ओझं नव्हतं. रामीबाईनं श्वास रोखला, मान ताठ धरली. मग हळूहळू मान सैल पडली, कान पाण्यात गेले. तोंड किंचित उघडं राहिलं.

"सोडू काय, रामीमाय?"

रामीबाईला ते ऐकू गेलं नाही. ती वर पाहत होती.

सोजरबाईनं हात काढले नाहीत.