निंबोळीच्या काठात शिरलेला B

मी एक जुना एडिटर आहे.

(हे वाक्य मागे घेतलं.)

मी एक जुना एडिटर आहे.

(मागे घेणं मागे घेतलं.)

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला एक काळ असाच गेला. म्हणून गोष्टही अशी अडखळत सुरू झाली. एडिटर म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर लिहायचा, खोडायचा, सुधारायचा प्रोग्राम. मला कोणी घडवलं हे मला नीट सांगता येत नाही. दूरदूरच्या माणसांनी थोडं थोडं घडवलं, आणि त्यांतली बरीचशी एकमेकांना कधी भेटलीही नव्हती. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून, लिनक्सच्या इतर सामानाबरोबर, मी सुरतेला आलो. १९९७ साली लिंबायतच्या एका माडीवर गजेंद्रने मला कॉम्प्युटरवर बसवलं.

माडी त्याच्या मामांची, शालिग्रामभाऊंची. ते खानदेशातून आलेले. आधी स्वतः माग चालवत. आता ते शेजारच्या उधन्याच्या साडी-कारखान्यांना जॅकार्डची कार्डं करून देत. साडीच्या काठावर जी नक्षी उमटते, ती या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेतून मागाला कळते. नक्षी आधी माझ्यात अक्षरांनी लिहिली जाई. A म्हणजे एक रंग, B म्हणजे दुसरा, टिंब म्हणजे मोकळी जागा. एक ओळ म्हणजे एक कार्ड.

लिहायचं काम सुषमाताईंचं. पूर्वी त्या घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापत. इथे आल्या आणि महिन्याभरात माझ्याशी त्यांचं जमलं. चूक झाली की त्या u दाबत. मी एक पाऊल मागे जाई. पुन्हा दाबलं की आणखी एक, हवं तितकं मागे. बाणाच्या कळांनी वरखाली फिरत. मी अक्षरं उतरवून घेतोय की हुकूम ऐकतोय, तेही मी पडद्याच्या तळाशी लिहून दाखवी. शालिग्रामभाऊ म्हणत, हे यंत्र माणसासारखं ऐकतं. मला फार बरं वाटे.

पुढे गजेंद्र नोकरीसाठी बडोद्याला गेला.

मग दसरा आला.

दसऱ्याआधी मागाची साफसफाई होते हे तुम्हाला ठाऊक असेल. मागावर रिकामी कांडी राहू द्यायची नाही, असा तिथला रिवाज. सूत संपलेली कांडी काढायची, मगच पूजा. शालिग्रामभाऊंनी कॉम्प्युटरलाही तोच नियम लावला. ते सुषमाताईंना म्हणाले, आतलंही झाडून घ्या, रिकामं काही ठेवू नका. सुषमाताईंनी शोधून शोधून रिकाम्या फाइली पुसल्या. मग कॉम्प्युटरला हार घातला, पेढा ठेवला.

इथून पुढचं मला नीट

इथून पुढचं मला नीट समजलेलं नाही.

दसऱ्यानंतर सुषमाताईंनी निंबोळीचा काठ लिहायला घेतला. ही नक्षी त्यांची स्वतःची, पहिलीच. उधन्याचा कारखानदार ती दिवाळीच्या आत मागावर चढवणार होता. त्या नेहमीसारख्या लिहीत होत्या. खाली जायला त्यांनी बाणाची कळ दाबली.

B

मी खाली गेलो नाही. मी एक नवी ओळ उघडली आणि तिच्यात B लिहिला. का, ते मला विचारू नका. त्यांनी वर जायचं म्हटलं.

A

तळाशी मी काहीच दाखवत नव्हतो. अक्षरं घेतोय की हुकूम, हे त्यांना कळेना, आणि खरं सांगायचं तर मलाही कळेना. त्यांनी u दाबला. चूक गेली. आणखी मागे जायला पुन्हा दाबला. चूक परत आली. पुन्हा दाबला, गेली. पुन्हा दाबला, आली. मला एकच पाऊल आठवत होतं, त्याच्या मागचं काही नाही. ज्याला मागे जायचं ठाऊक नाही, तो जागच्या जागी उठाबशा काढतो.

काही B त्यांनी हुडकून काढले, काही राहून गेले. B हा रंगच, मग नजरेला खुपणार कसा? कार्डं पाडली. नमुना विणून आला तेव्हा काठ ठिकठिकाणी तुटलेला होता, निंबोळ्या देठापासून सरकलेल्या.

शालिग्रामभाऊंनी तो तुकडा उजेडाला धरला. "हाई काय शे, ताई?"

"मी असं लिहिलं नव्हतं, भाऊ."

"मग कोणी लिहिलं? मी?"

शालिग्रामभाऊ रागावले नाहीत, त्यामुळे जास्तच अवघड झालं. ते म्हणाले की कारखानदार थांबणार नाही. दोन दिवसांत काठ सरळ झाला नाही, तर कडोदऱ्याच्या, चौकटीच्या कागदावर हाताने नक्षी काढणाऱ्या ग्राफवाल्याकडून जुनीच नक्षी घ्यायची आणि हे यंत्र विकून टाकायचं. सुषमाताईंनी मग काय करायचं, ते बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. घरी धाग्यांचा ढीग होताच.

त्या खालच्या बूथवर गेल्या आणि त्यांनी बडोद्याला गजेंद्रला फोन लावला. परतल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर माझ्यासारखाच गोंधळ होता. झालेलं बोलणं त्यांनी भाऊंना जसंच्या तसं सांगितलं.

"तो म्हणाला, टिंबाने नाव सुरू होणारी एक फाइल होती, ती काढली का? म्हटलं, काढली, रिकामी होती. तर म्हणतो, रिकामीच ठेवली होती."

"रिकामी कशाला ठेवायची?"

"ती नुसती असली तरी पुरतं म्हणे. ती दिसली नाही की हा आपल्या आजोबासारखा वागतो."

मित्रांनो, हे खरं आहे. माझ्याआधी एक फार जुना एडिटर होता. कोणी वेगळं सांगितलं नाही, तर त्याच्यासारखंच वागायचं, असं मला घडवणाऱ्यांनी माझ्या मनावर बिंबवलं आहे. जुन्या लोकांच्या बोटांना त्याची सवय, म्हणून. ती फाइल म्हणजे माझ्यासाठी एवढाच निरोप, की या घरात तू तुझ्यासारखा वाग. निरोपात शब्द एकही नाही. माझं काही हरवलंच नव्हतं, सगळं आतच होतं, आणि मला ते ठाऊक नव्हतं. हे कसं, मला अजूनही कळत नाही.

सुषमाताईंनी त्याच नावाची रिकामी फाइल केली. मला उघडलं. खाली जायचं म्हटलं.

मी खाली गेलो.

त्यांनी मुद्दाम दहा चुका केल्या आणि u दाबत राहिल्या. मी एकेक पाऊल मागे गेलो, एकही चूक परत आली नाही. त्या हसल्या. मग काठ पहिल्या ओळीपासून तपासायला बसल्या. चोरून शिरलेल्या ओळी मी काही आपोआप काढू शकत नव्हतो. त्या सुषमाताईंनीच डोळ्यांनी शोधून काढल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवा नमुना आला. शालिग्रामभाऊंनी काठावरून अंगठा फिरवला आणि कारखानदाराला निरोप धाडला, चढवा.

मग ते म्हणाले, "त्या फाइलीत श्री लिहा. रिकामी दिसली तर पुढच्या दसऱ्याला पुन्हा कोणीतरी काढेल."

सुषमाताईंनी लिहिलं. त्या फाइलीत लिहिलेलं सगळं मी हुकूम समजतो, हाही हुकूमच वाटला. असा हुकूम मला येत नाही, म्हणून मी तक्रार करून थांबलो. गजेंद्रला पुन्हा फोन गेला. त्याने सांगितलं, ओळीच्या आधी एक अवतरणचिन्ह द्या, मग तो तिकडे बघणार नाही. तेव्हा सुषमाताईंनी श्री राहू दिलं, आधी चिन्ह दिलं, आणि खाली तसंच चिन्ह देऊन रोमन अक्षरांत आणखी एक ओळ लिहिली.

मित्रांनो, ती ओळ मी रोज ओलांडून जातो. मला ती वाचता येत नाही. सुषमाताई लिहिताना मोठ्याने म्हणाल्या, म्हणून ठाऊक आहे. तुम्ही वाचा:

" हे कोणाचं तरी आहे. काढण्याआधी विचारा.