तो आवाज ह्यांचा नव्हे

टीव्ही स्टुडिओच्या बाजूच्या खोलीत मला आणि भिंगरीला बसवलं होतं. समोर एक छोटा टीव्ही, शेजारच्या खुर्चीत मशीन कंपनीचा वकील. पोरीने माझा पदर मुठीत घट्ट धरला होता. "आई, बाबा आज सांगणार ना गं?" तिने पुन्हा विचारलं, तशी मी तिला डोळ्यांनीच दटावलं. वकील तर कान टवकारूनच बसला होता.

सांगायचं होतं ते एवढंच, की जाहिरातीतला आवाज ह्यांचा नव्हे.

जाहिरात कपडे धुण्याच्या मशीनची. काळा, कुरळ्या केसांचा एक गडी मशीन सुरू झाल्याबरोबर घाबरून टेबलावर चढतो आणि ओरडतो, "साहेब, डबा कपडे खाते! डबा भूत आहे!" साहेब हसतात, बाईसाहेब हसतात, सगळा देश हसतो. तो गडी म्हणजे आमचे हे. नाटकातला माणूस, चेहरा बोलका. मी तेव्हाच म्हटलं होतं, नका करू असलं काही. "अगं, भूमिका आहे," म्हणाले. करा भूमिका!

तर शूटिंगला ह्यांनी ते वाक्य म्हटलं, आणि दिग्दर्शक म्हणाला, "तुम्ही फारच स्वच्छ बोलता हो. तुमच्या लोकांसारखं वाटत नाही." मग दुसऱ्याच कुणाकडून ते मोडकंतोडकं बोलून घेतलं आणि ह्यांच्या तोंडावर चिकटवलं. आमच्या लोकांसारखं म्हणे! पूर्वज आले असतील समुद्रापलीकडून, पण आमचे पणजोबा इथल्याच मातीत गेले. मी ह्याच भाषेत जेवायला वाढते, ह्याच भाषेत भांडते, आणि शिव्याही चांगल्या देते.

मी शहरबस चालवते. जाहिरात आली त्या दिवसापासून कुणी ना कुणी चढता चढता दात काढतो, "बाई, डबा चालवता येतो ना?" आणि गंमत ऐका. माझ्या बसमध्ये, सगळ्याच बसमध्ये, थांबे सांगणारा आवाज आमच्या ह्यांचा. बसखात्याने त्यांचं नाटक ऐकून रेकॉर्ड करून घेतला. नाव कुठेच नाही, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. वर नवरा शांतपणे म्हणतोय, "पुढचा थांबा, मुख्य रुग्णालय," आणि खाली उभं राहून लोक त्याचीच नक्कल करतायत. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण स्टीअरिंग हातात असताना बाईने करायचं काय?

मी सोसलं. पोरीला सोसवलं नाही. तिने वर्गात ठणकावून सांगितलं, "तो आवाज बाबांचा नाहीये. बाबांचा आवाज बसमधला आहे." पोरं पोट धरून हसली. बाई म्हणाल्या, थापा मारू नयेत, आणि सगळ्यांसमोर तिला माफी मागायला लावली. तेव्हापासून ही वर्गात तोंड उघडत नाही. हजेरीला नुसता हात वर करते. एका जागी बसत नाही म्हणून जिला भिंगरी म्हणतो, ती घरीही भिंतीकडे तोंड करून बसायला लागली.

मी गेले शाळेत भांडायला. बाई गोड हसून म्हणाल्या, "आईला असं वाटणारच." ह्यांना जाता येईना. जाहिरातीवरून गावभर वाद पेटला होता. कंपनी छातीठोकपणे सांगत होती, "कलाकार त्यांच्याच समाजाचा आहे, तो स्वतःच तसा बोलतो, मग अपमान कुणी कुणाचा केला?" आणि ह्यांना बजावलं होतं, दुसऱ्याच्या आवाजाबद्दल अवाक्षर काढलंत तर करार मोडला, कोर्टात खेचू, राहतं घर जाईल. हे मूग गिळून बसले. बापाने एका शब्दाने लेकीला खरी ठरवायची, आणि तोच शब्द काढायची चोरी!

आता कंपनीनेच त्यांना चर्चेला पाठवलं होतं. चारचौघांत ते वाक्य म्हणायचं, हसायचं, आणि "मला काही वाटलं नाही बुवा" म्हणायचं. वकिलाने तासभर तालीम घेतली होती.

चर्चा सुरू झाली. जाहिरात लिहिणारा गृहस्थ म्हणाला, "अहो, विनोद आहे, विनोदासारखा घ्या." आमच्या बाजूने एक प्राध्यापिका होत्या. त्या तावातावाने म्हणाल्या, "ह्या लोकांना आवाज नाही, म्हणून आम्हाला बोलावं लागतं!" हे बोलायला तोंड उघडत होते, तर त्यांनाच हाताने थांबवलं. वर ऐकवलं, "चार पैशांसाठी तुम्ही आपल्याच माणसांची थट्टा केलीत." ह्यांनी मान खाली घातली. भांडून भांडून दोघं दमले, पण ह्यांना कुणी एक प्रश्न विचारला असेल तर शपथ.

मग निवेदिका लाडात येऊन वळली. "प्रेक्षकांची फर्माईश आहे हं! ते वाक्य एकदा म्हणून दाखवा ना. जाहिरातीत म्हटलं होतं अगदी तस्संच."

वकील खुर्चीत पुढे सरकला. "म्हणतील ना?" मला विचारतो!

"मला काय विचारता? मी बस चालवते."

पण आत धास्ती होतीच. हे नाटकवाले. कुठलाही आवाज काढतील, हुबेहूब काढतील. आणि एकदा तो काढला की भिंगरी जन्मभर खोटारडी. तिलाही ते कळलं होतं. तिने पदर सोडला आणि दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले.

"घ्या ना, लाजताय काय!" निवेदिका म्हणाली.

हे ताठ बसले. घसा साफ केला. सरळ कॅमेऱ्यात, म्हणजे सरळ आमच्याकडे पाहिलं. मी पोरीचे हात कानांवरून ओढून काढले. का, ते देवाला ठाऊक.

"पुढचा थांबा, मुख्य रुग्णालय," हे म्हणाले. "उतरणाऱ्यांनी दाराजवळ यावे. आपले सामान विसरू नये."

प्राध्यापिकाबाईंचा कप तोंडापाशीच राहिला. कॅमेऱ्यामागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "अरे, हा तर आपल्या बसमधला!"

निवेदिका कसनुशी हसली. "अय्या, तुम्ही? पण... ते वाक्य राहिलंच की."

"कित्येक वर्षं रोज संध्याकाळी मीच तुम्हाला घरी पोचवतोय," हे म्हणाले. "ह्याहून वेगळं कसं बोलू?"

वकील ताडकन उठला. "हे काय सांगितलं त्यांनी?"

"थांबा सांगितला," मी म्हटलं. "थांबा सांगायची बंदी आहे का तुमच्या करारात?"

तो फोन कानाला लावून बाहेर पळाला. भिंगरी हुंदके देत होती, हसत होती, आणि मधेच म्हणत होती, "मी खोटं नव्हते बोलले, आई. नव्हते ना?" मी तिला पोटाशी धरलं आणि मीही मनसोक्त रडले. कंपनी पुढे काय करील ते करील, त्या घटकेला मला कशाचीच फिकीर नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस नेहमीसारखीच भरली. डब्याचं कुणी बोललं नाही. पहिला थांबा पुकारला तेव्हा सगळ्यांच्या माना वर झाल्या, त्या छतातल्या स्पीकरच्या जाळीकडे. भिंगरीच्या बाई रोज ह्याच बसने येतात. आज त्या मागच्या बाकावर खाली बघून बसल्या होत्या.

"पुढचा थांबा, शाळा," हे वरून म्हणाले.

मी बस थांबवली. बाई पुढच्या दाराशी आल्या, माझ्यापाशी घुटमळल्या. "मला खरंच माहीत नव्हतं हो," त्या हळूच म्हणाल्या. "मी आज तिची माफी मागते."

दाराच्या बटणावरचा माझा हात हलला नाही. मागे लोक चुळबुळ करायला लागले.

"सगळ्यांसमोर," मी म्हटलं.

त्यांनी एकदा बाहेर शाळेकडे पाहिलं. "हो. सगळ्यांसमोर."

मग मी दार उघडलं.