दोन शिक्के लागलेली जाळी

खंडभराचा खेळ चालवणाऱ्या साहेबांनो, एका नर्सचा विजय तुम्ही गिळून बसला आहात. हे मी तोंडावर सांगते, कारण ती जिंकली तेव्हा मी मधोमध उभी होते.

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. जन्म बॅडमिंटनचा. मग आमच्या हॉलमध्ये पिकलबॉल आला. फळीसारखी बॅट, भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू आणि गुडघे कुरकुरणाऱ्यांनाही झेपेल एवढं मैदान. शिंपीणकाकूंनी मला मांडीवर घेतलं, दोन्ही टोकांना कापड जोडून लांब केलं. काठांना उंची छत्तीस इंच, मध्ये चौतीस. मधला भाग खाली ओढून धरायला त्यांनी पट्टी शिवली, ती अजून तसूभर सैल नाही.

आधी चौघं खेळायचे, मग चाळीस. पुढे शेजारच्या देशांतूनही संघ येऊ लागले. माझं कौतुक व्हायचं. खेळ खंडभर पसरला आणि त्याच्या मागोमाग खुर्च्या आल्या. एक संघटना झाली. तिच्यात भांडण होऊन दुसरी झाली. दोघीही म्हणतात, खंडाची खरी संघटना आम्हीच. दोघींचे शिक्के वेगळे, खेळाडू मात्र तेच!

यंदा निवडीचा सामना माझ्यावर होता. जिंकेल ती खंडाच्या स्पर्धेला जाणार. दोन्ही संघटनांनी कळवलं, जाळीवर आमचा शिक्का हवा. आमचे रखवालदारमामा पडले भिडस्त. म्हणाले, "एकाचा लावला तर दुसरा रुसेल. दोन्ही चिकटवतो, कुणाची तक्रार नको." आणि त्यांनी शेजारी शेजारी दोन्ही शिक्के चिकटवले.

दवाखान्यातल्या सिस्टरबाई पहिला डाव हरल्या, पुढचे दोन जिंकल्या. वय सेहेचाळीस. परदेशी खेळायची पहिलीच संधी. निकालासोबत माझा फोटो दोन्ही संघटनांकडे गेला. आठवड्याभरात दोघींची दोन पत्रं आली, मजकूर एकच. समोरच्यांचा शिक्का असलेल्या जाळीवरचा सामना आम्ही मानत नाही. इतक्या वर्षांत दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं, तेही यावर!

सिस्टरबाईंनी दोन्ही पत्रं वाचली. "मामा, मग मी जिंकले की नाही?"

"जिंकलात हो. चूक माझ्या हातची."

"तुमच्यावर कशाला रागावू? मेट्रनबाईंना काय सांगू ते सांगा. रजा मिळवायला तीन महिने पाया पडत होते मी."

मामांनी मला खांबांवरून सोडवून गुंडाळलं. तेव्हापासून मी फडताळात आहे. शिक्के खरवडायचीही कुणाची छाती होत नाही.

मित्रांनो, जाळीची निगा सोपी असते. खेळ संपला की ताण सोडावा, ओली गुंडाळू नये. खेळाडूची निगा त्याहून सोपी. जो जिंकला, त्याला जिंकला म्हणावं.

साहेबांनो, स्पर्धेला एकोणीस दिवस उरलेत. सिस्टरबाईंनी रजा अजून रद्द केलेली नाही. माझी उंची चुकली होती का? चेंडू बाहेर पडला होता का? नाही ना? मग त्या जिंकल्या की नाही? दोघांनीही सांगा, लेखी सांगा, आणि खाली स्वतःचं नाव घाला.