जमीन गिळत नाही

तिला तोफ म्हणायला सुरुवात केली तिच्या बाबांनी. बाबा सुतार. त्यांची करवत कितीही किंचाळली तरी लेकीचा आवाज वरचढ ठरायचा, म्हणून तोफ. आधी ती या नावाला लाजायची. पण नववीत वक्तृत्वाचा कप घरी आला आणि लाजणं जे पळालं ते पुन्हा फिरकलंच नाही. त्यामुळे तिसरीच्या बाईंनी, "आमच्या पिल्लांना भूकंप समजावून सांगशील का गं?" असं विचारलं, तेव्हा वाक्य संपायच्या आधीच तोफेची मान हलली होती.

तासही काय झक्कास रंगला! ताटलीत जॅम, जॅमवर दोन मोठी बिस्किटं आणि बिस्किटांवर चिकणमातीची इवली इवली माणसं.

"हे पृथ्वीचं कवच," तोफ म्हणाली. "ते अखंड नाही, त्याचे मोठाले तुकडे आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात. आपली नखं वाढतात ना, तेवढ्या सावकाश ते सरकतात."

इथेच थांबायचं होतं. पण मुलांचे आ वासलेले चेहरे बघून तिला चेव चढला. तिने बिस्किटं फर्रकन दोन बाजूंना ओढली. माणसं जॅममध्ये गडप! वर्ग आनंदाने किंचाळला.

पुढच्याच आठवड्यात जमीन खरोखर हलली. जराशीच. पंखा डुलला, डस्टर पडलं, बस. पण बाकाखाली शिरायचं सोडून तिसरीचा अख्खा वर्ग दाराकडे सुटला. सगळ्यांत लहान चणीची, जिला सगळे मुंगी म्हणत, ती गर्दीत उंबऱ्यावर आपटली. हनुवटीला टाके पडले.

"बाकाखाली बसायची सवय केली होती ना आपण? मग पळालात का?" बाईंनी विचारलं.

"ताईने दाखवलं की, जमीन फाटते," मुंगी म्हणाली. "बाकाखाली बसलं तर बाकासकट जॅममध्ये."

हे तोफेच्या कानावर आलं. आता सराव घ्यायचा म्हटलं तरी एक पोर बाकाखाली जाईना. आणि मोठा धक्का आला तर? ती तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेली.

"पुरे झाला तुझा तमाशा," मोठ्या बाई म्हणाल्या. "आता मी बघते काय ते."

"घोळ मी घातलाय. निस्तरणार पण मीच."

"आणि आणखी वाढवलास तर?"

"तर तिसरीच्या वाटेलासुद्धा जाणार नाही! एक तास द्या, बाई!"

"आवाज खाली. मी बहिरी नाही." बाईंनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला. "उद्या. एकच तास."

संध्याकाळी ती बाबांच्या कारखान्यात भुश्शावर फतकल मारून बसली. समोर जॅम, बिस्किटं आणि अक्कल गहाण पडलेली.

"बाबा, भूपट्ट एकमेकांना घासत सरकतात. कडा अडकून बसतात. मागून जोर साठत राहतो, आणि मग एकदम सटकतात. तो हिसका म्हणजे भूकंप. ही बिस्किटं मेली अडकतच नाहीत!"

"गुळगुळीत गोष्ट कशी अडकेल?" दाराची चौकट घासता घासता बाबा म्हणाले. "आण ते बिस्किट इकडे, खातो."

तोफेचं लक्ष त्यांच्या हातातल्या काचपेपरवर गेलं आणि ती ताडकन उठली. दोन फळ्या, दोन्हींना काचपेपर डकवलेला, खरखरीत बाजू समोरासमोर. वरच्या फळीवर एक बाहुली उभी केली, फळीला रबर बांधून ओढलं. फळी ढिम्म. आणखी ओढलं. ढिम्म. आणखी... खाड्! वरची बाहुली उडून थेट बाबांच्या सरसाच्या डब्यात.

"वा! आता माझ्या डिंकात भूकंपग्रस्त," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती फळ्या घेऊन तिसरीत उभी राहिली. मुंगी दाराशी होती, दप्तर पाठीला लावून, पळायच्या तयारीत.

"मागच्या वेळी मी चुकीचं दाखवलं," तोफ म्हणाली, आणि तिच्या मानाने हळू म्हणाली. "जमीन अशी तोंड उघडून माणसं गिळत नाही. ती हिसका देते. लागतं ते वरून पडणाऱ्या वस्तूंनी."

तिने रबर मुलांच्याच हातात दिलं. खाड्! फळीवर रचलेली पुस्तकं कोसळली. तिथेच ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या इवल्या बाकाखालची बाहुली तशीच्या तशी.

"मागची टेकडी आग ओकेल का, ताई?" एका मुलाने विचारलं.

"प्रत्येक डोंगर ज्वालामुखी नसतो रे राजा! खालचा वितळलेला खडक जिथे वाट काढून वर येतो, तिथे ज्वालामुखी. आपली टेकडी वाऱ्याने साठलेल्या वाळूची आहे, ती कसली आग ओकतेय! चला, सगळे म्हणा: वाका, झाका, धरा! वाकून बाकाखाली, हाताने डोकं झाका, बाकाचा पाय धरा."

मुलं म्हणाली. काही शिरलीसुद्धा. मुंगी मात्र दाराशीच.

"तू नाही येत?"

"फळी खोटी आहे," मुंगी म्हणाली.

तोफ सगळ्यांत पुढच्या बाकापाशी उकिडवी बसली आणि नुसता हात पुढे केला. ओरडली नाही, ओढलं नाही. शेवटी मुंगीने दप्तर दाराशीच टाकलं, ती बाकापर्यंत आली आणि खाली डोकावून फरशी हाताने ठोकून बघितली.

तेवढ्यात खिडक्या थरथरल्या. फळा भिंतीवर खडखडला. खरा धक्का! आणि आपली तोफ, वक्तृत्वाच्या कपाची मानकरी, उठून दाराकडे वळली की! पायच वळले, डोक्याला न विचारता. त्याच क्षणी तिच्या ओढणीला बाकाखालून जबरदस्त हिसका बसला.

"वाका!" मुंगी किंचाळली. "वाका ना, ताई!"

तोफ वाकली. बाकाला तिचं डोकं आपटलं, गुडघे बाहेर राहिले, पण डोकं झाकलं आणि बाकाचा पाय धरला.

हादरे थांबले तसा मोठ्या बाईंच्या चपलांचा आवाज व्हरांड्यातून धावत आला. दारात गर्दी नव्हती. वर्गात कुणी दिसत नव्हतं.

"मुलं कुठायत?" बाईंचा आवाज कापरा झाला.

"खाली!" बाकाबाकांखालून ओरडा उठला.

"आणि ती तोफ?"

"ताईला मी धरून ठेवलंय," मुंगी म्हणाली.